आयरिश लोण्याचा खटला

चेर्नोबिलचा स्फोट महाराष्ट्रात पोहोचला तो लोण्यातून. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत युक्रेनमधली चौथ्या क्रमांकाची अणुभट्टी फुटली. त्यानंतर वर्षभराने युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीतून आलेलं आयरिश लोणी मुंबईच्या ग्राहकांपुढे ठेवायची वेळ आली, आणि डॉ. शिवराव शांताराम वागळे व त्यांचे सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. हे लोणी किरणोत्सारी आहे, ते विकू देऊ नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८८ साली निकाली निघालं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निवाडा ठाऊक असतो. अणुऊर्जेवर हिरिरीने वाद घालणाऱ्यांना मात्र तो क्वचितच आठवतो.

युक्रेनचा धुरळा आयर्लंडच्या गवतावर कसा उतरला, याचं उत्तर पावसात आहे. किरणोत्सारी कण उंचावरून हजारो किलोमीटर वाहत जातात, तोवर खालच्या माणसाला त्यांचा फारसा त्रास नसतो. वाटेत पाऊस लागला की ते धुऊन जमिनीवर येतात. मे १९८६ च्या सुरुवातीला आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर तो ढग आणि पाऊस एकाच वेळी आले. वेल्समधल्या काही कुरणांवरच्या मेंढ्यांच्या विक्रीवर त्यामुळे जे निर्बंध आले, ते उठायला २०१२ साल उजाडलं.

गवतातून गायीत आणि गायीतून दुधात हे कण शिरतात. त्यातलं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे काही महिने साठवलेल्या पदार्थात त्याचा प्रश्न उरत नाही. सीझियम-१३७ निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. गंमत अशी, की सीझियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं. ते दुधाच्या पाण्यात राहतं, स्निग्धांशात फारसं जात नाही. लोणी काढलं की बहुतेक सीझियम ताकात किंवा निवळीत मागे राहतं. बव्हेरियात १९८७ साली निवळीची हजारो टन किरणोत्सारी भुकटी रेल्वेच्या वाघिणींत पडून होती आणि ती कुठे टाकायची यावर रणं माजली होती. दुधाच्या सगळ्या पदार्थांत लोण्याची भीती त्यामानाने कमी होती. खटला मात्र लोण्यावर झाला, कारण दारात आलं होतं ते लोणी.

न्यायालयाने प्रश्न नेमका मांडला होता. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरवलेल्या मर्यादेच्या आत मानवनिर्मित किरणोत्सारी द्रव्यं असलेलं अन्न खायला सुरक्षित आहे की नाही? न्यायाधीशांनी हा प्रश्न तीन तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. त्यात पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार एम. जी. के. मेनन होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक पी. के. अय्यंगार होते. समितीने सुरक्षिततेचा निर्वाळा दिला. लोण्याचं रसायन पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण मर्यादा ठरवणारं मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आणि त्या मर्यादेवर मत देणाऱ्यांत अणुऊर्जा खात्याच्याच सर्वांत मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख. यात कुणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. देशात दुसरी तोलामोलाची प्रयोगशाळाच नव्हती. किरणोत्साराला वास नाही, रंग नाही, चटका नाही, आणि ज्याच्याकडे यंत्र असतं त्याच्याच शब्दावर बाकीच्यांना विसंबावं लागतं. महाराष्ट्रातल्या आणि त्याच्या शेजारच्या अणुप्रकल्पांचा इतिहास वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

चेर्नोबिलची बातमीही जगाला मॉस्कोतून मिळाली नव्हती. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्शमार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांनी यंत्राची घंटा वाजवली, आणि तो किरणोत्सार आतला नसून बाहेरून आलेला आहे हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं. खुद्द चेर्नोबिलमध्ये पहिल्या काही तासांत हाताशी असलेली साधी यंत्रं ताशी ३.६ रोंटजेनच्या वर मोजूच शकत नव्हती. काटा शेवटच्या आकड्याला टेकला, आणि वरिष्ठांना तोच आकडा खरा म्हणून कळवला गेला. सात वर्षं आधी, २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडमध्ये एक झडप उघडीच अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा ती बंद असल्याचं दाखवत होता, कारण झडप खरोखर कुठे आहे हे तो सांगतच नसे. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला की नाही, एवढंच तो सांगे.

महाराष्ट्राची स्वतःची अणुवीज त्याच्या दहा वर्षं आधीची. होमी भाभांच्या हयातीत, १९६३ साली अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला आणि १९६४ साली जनरल इलेक्ट्रिकला काम मिळालं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोईसरच्या पश्चिमेला, मच्छीमारांच्या गावांशेजारी तारापूरचं केंद्र उभं राहिलं. २८ ऑक्टोबर १९६९ ला व्यापारी उत्पादन सुरू झालं, तोवर भाभांना जाऊन पावणेचार वर्षं झाली होती. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या या दोन भट्ट्यांतली वीज महाराष्ट्र आणि गुजरातने वाटून घेतली. जपान आणि सोव्हिएत संघ सोडले तर उरलेल्या आशियात तेव्हा अणुवीज नव्हती, आणि त्याचा अभिमान त्या वेळच्या लिखाणात जागोजागी दिसतो.

तारापूरच्या या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. भट्टीतच पाणी उकळतं आणि त्याची वाफ थेट टर्बाइनला जाते. रचना सोपी, पण इंधनाच्या नळीला बारीक छिद्र पडलं तरी किरणोत्सार वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जातो. सुरुवातीच्या वर्षांत इंधननळ्या गळक्या निघाल्या आणि दुरुस्तीच्या जागा तापल्या, उष्णतेने नव्हे तर किरणांनी. अशा जागी एकच माणूस फार वेळ काम करू शकत नाही. त्याच्या छातीवरचा डोस मोजणारा बॅज भरला की दुसरा आत जातो, मग तिसरा. जगभर ही पद्धत आहे आणि नियमात बसणारीही आहे. एकाच माणसाच्या वाट्याला येणारा डोस मर्यादेत राहतो. कामाचा एकूण डोस मात्र तेवढाच, तो फक्त जास्त अंगांवर वाटला जातो. ज्यांच्या अंगावर तो वाटला गेला त्यांच्यात हंगामी मजूरही होते.

पुढे, या थेट वाफेच्या जोडीला असलेल्या दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. दुरुस्तीत डोस वाढतो म्हणून ती जनित्रंच कायमची बंद केली गेली आणि १९८४-८५ च्या सुमारास प्रत्येक भट्टीची क्षमता १६० मेगावॉटवर आणली. एका केंद्राची जवळजवळ पाव ताकद अशी शांतपणे वजा झाली. त्या काळात तारापूरचं नाव वर्तमानपत्रांत येई ते दुसऱ्याच कारणासाठी. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने युरेनियमचा हात आखडता घेतला, मग फ्रान्सने, नव्वदच्या दशकात चीनने आणि नंतर रशियाने ते पुरवलं. इंधनाच्या राजकारणावर अग्रलेख झाले, नळ्यांवर नाही.

नाशिकच्या माणसाला तारापूर दूरचं वाटतं. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेषेत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर भरतं आणि मध्ये सह्याद्री आहे. उत्तरेला गुजरातमध्ये व्याराजवळ काकरापारचं अणुवीज केंद्र आहे, तेही दीडशे किलोमीटरच्या आत. म्हणजे हा जिल्हा दोन अणुवीज केंद्रांच्या मधे बसतो. काकरापारशी तर पाण्याचंही नातं आहे. नाशिकच्या डोंगरात उगम पावणारी गिरणा कळवण-मालेगावकडून खानदेशात उतरते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, आणि तापीचं ते पाणी उकाई धरणातून काकरापारच्या बंधाऱ्यापर्यंत जातं. आणीबाणीच्या योजनेत मात्र केंद्राभोवतीचा सोळा किलोमीटरचा परीघ धरला जातो. तालमी त्याच्या आत होतात, त्यामुळे नाशिकचा त्यात प्रश्न येत नाही. जपानमधलं इताते हे गाव फुकुशिमाच्या अणुकेंद्रापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, पहिल्या दिवसांत रिकामं केलेल्या वर्तुळाच्या बाहेर होतं. वारा तिकडे वळला, वरून पाऊस आणि बर्फ पडलं, आणि महिन्याभराने ते अख्खं गाव हलवायचा निर्णय झाला. पावसाळ्यात तारापूरकडून घाटाकडे नैर्ऋत्येचा वारा वाहतो आणि त्याचा पाऊस इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर कोसळतो. हे भाकीत नव्हे, भूगोल आहे.

नाशिक जिल्ह्यात ‘अणू’ म्हटल्यावर आठवतं ते मात्र लासलगाव. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणं थांबतं. २००७ मध्ये अमेरिकेला भारतीय आंबा पुन्हा जाऊ लागला तो इथून किरण खाऊन. कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही. पण तो कोबाल्ट वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांतच तयार होतो, हे बाजार समितीत बोली लावणाऱ्यांच्या सहसा मनात येत नाही.

काकरापारची पहिली भट्टी मे १९९३ मध्ये व्यापारी उत्पादनात आली. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, १५ जून १९९४ च्या रात्री तुफान पाऊस झाला. केंद्राला लागून असलेल्या मोतीचेर तलावाचे दरवाजे उघडले नाहीत. पाणी चढलं आणि केबलच्या चरांमधून टर्बाइनच्या इमारतीत शिरलं, खालचा मजला बुडाला, यंत्रं पाण्याखाली गेली. भट्टी त्या वेळी बंद होती, हे नशीब. शेवटी आसपासच्या गावकऱ्यांनी, आपली घरं बुडू नयेत म्हणून, तलावाचा बांध फोडला आणि पाणी ओसरलं. त्या रात्री केंद्राच्या बचावात शेतकऱ्यांच्या कुदळीचाही वाटा होता, हे अणुऊर्जेच्या गौरवग्रंथांत सापडणार नाही.

ही बातमी बाहेर आली ती केंद्रातल्याच एका कर्मचाऱ्याने एका गुजराती दैनिकाला लिहिलेल्या पत्रामुळे. त्याची नोकरी गेली. तो लढत राहिला, आणि एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला प्रामाणिक जागल्या मानायला नकार देऊन बडतर्फी कायम ठेवली. आधी वरिष्ठांकडे जायला हवं होतं, असा न्यायालयाचा सूर होता. फुकुशिमाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

काकरापारच्या पुराआधी वर्षभर, ३१ मार्च १९९३ ला, उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली होती. वीजतारा जळाल्या आणि केंद्र सतरा तास पूर्ण अंधारात होतं. कर्मचारी बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनचं द्रावण हाताने झडपा फिरवून सोडलं. एकीकडे वीज पूर्ण गेलेलं केंद्र, दुसरीकडे तळघरात पाणी भरलेलं केंद्र. जपानमध्ये ११ मार्च २०११ ला या दोन गोष्टी एकाच तासात घडल्या. भारतात त्या पंधरा महिन्यांच्या अंतराने, वेगवेगळ्या राज्यांत, सुट्या सुट्या घडल्या होत्या. एवढ्यानेच इथे निभावलं.

नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ मध्ये, देशभरच्या अणुकेंद्रांमधल्या सुरक्षेच्या त्रुटींचा एक अहवाल तयार झाला. त्यात १३० मुद्दे होते. तो गोपनीय ठरला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात जाऊन तो उघड करायची मागणी केली. खादी घालणारे सर्वोदयी आणि अणुऊर्जा खातं समोरासमोर, असा हा सामना. सरकारने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या गुप्ततेच्या कलमाचा आधार घेतला. उच्च न्यायालयाने आणि मग जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. लोण्याच्या खटल्यात निदान आकडा समोर होता, वाद त्याच्या अर्थाचा होता. इथे आकडाच कपाटात राहिला.

स्वतः मोजायचा प्रयत्न कुणी केला नाही असं नाही. काकरापारजवळच्या वेडछीत राहणारे पदार्थवैज्ञानिक सुरेंद्र गाडेकर आणि त्यांच्या पत्नी डॉ. संघमित्रा ‘अणुमुक्ती’ नावाचं नियतकालिक चालवत. या दोघांनी १९९१ मध्ये राजस्थानच्या रावतभाट्याभोवतीच्या गावांत घरोघर जाऊन आरोग्य पाहणी केली. केंद्राजवळची गावं आणि लांबची गावं यांची तुलना करून, जवळच्या गावांत जन्मजात व्यंगं जास्त असल्याचं त्यांनी मांडलं. अणुऊर्जा खात्याने हे निष्कर्ष मानले नाहीत. पाहणीतल्या उणिवा कुणी काढाव्यात, शास्त्रात ते चालायचंच. तेवढीच मोठी दुसरी स्वतंत्र पाहणी करून मात्र तिला उत्तर दिलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कैगा केंद्राची गोष्ट जरा वेगळी. मे १९९४ मध्ये तिथे बांधकाम चालू असताना भट्टीवरच्या घुमटाचा आतला भाग कोसळला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात किरणोत्सारी ट्रिटियम सापडलं, तेही नेहमीच्या लघवी तपासणीत. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं होतं. बाहेरच्या हवेत काही नव्हतं, भट्टीत काही नव्हतं. रोजचं कंटाळवाणं मोजमाप चालू होतं म्हणूनच घातपात उघड झाला, हे इथे खात्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

फुकुशिमाने महाराष्ट्राला दोन बाजूंनी गाठलं. फुकुशिमाची पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकच्याच उकळत्या पाण्याच्या घराण्यातली, १९७१ ची, म्हणजे तारापूरहून दीड वर्षांनी धाकटी. तिथे त्सुनामीने तळघरातली डिझेल जनित्रं बुडाली आणि थंडाव्याचं पाणी थांबलं. तारापूरच्या जुन्या जोडगोळीत २००५-०६ मध्येच दोन्ही भट्ट्यांच्या सामाईक यंत्रणा वेगळ्या करून मोठी डिझेल जनित्रं आणि दुसरा नियंत्रण कक्ष बसवला होता. जपाननंतर हायड्रोजनचा स्फोट टाळायला नायट्रोजनची सोय आणि बाहेरून पाणी घालण्याचे जोड आले. जपानकडे किरणोत्सार कुठल्या दिशेला जाईल हे सांगणारी ‘स्पीडी’ नावाची संगणक यंत्रणा होती. तिचे नकाशे पहिल्या दिवसांत लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि नामिए गावचे काही लोक ढगापासून पळताना ढगाच्याच दिशेने गेले.

दुसरी बाजू रत्नागिरीची. राजापूर तालुक्यात माडबन-जैतापूरला फ्रेंच अरेव्हाच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा करार डिसेंबर २०१० मध्ये पुढे सरकला होता. फुकुशिमाची दृश्यं टीव्हीवर चालू असतानाच, १८ एप्रिल २०११ ला, साखरीनाट्यातल्या मच्छीमारांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण ठार झाला. गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय होईल, हा तिथला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर प्रकल्पाच्याच अहवालातून दिलं जात होतं. तारापूरलाही नव्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद भट्ट्या सुरू होऊन वीज वाहू लागली तरी संपला नव्हता.

फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, ११ मार्च २०१६ च्या सकाळी, काकरापारच्या पहिल्या भट्टीत शीतक जड पाण्याची गळती सुरू झाली. भट्टी आपोआप बंद पडली आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. बाहेरचा किरणोत्सार नेहमीएवढाच असल्याचं निवेदन लगेच निघालं. एक दाबनळी फुटली होती. पुढच्या तपासात दिसलं, की अशा नळ्या बाहेरच्या अंगाने गंजल्या होत्या आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधली अशुद्धी त्याला कारण होती. तारापूर-काकरापारच्या नळ्यांचा हा दुसरा अवतार, यावेळी गळण्याचं कारण आतलं नसून बाहेरच्या वायूतलं. भट्टीतल्या सगळ्या दाबनळ्या बदलल्या गेल्या आणि ती २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. तारापूरच्या १९६९ च्या दोन्ही भट्ट्या त्याच्या पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, मुख्य पाइप बदलण्यासाठी थांबवल्या गेल्या. तारापूरच्याच पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान लहान धक्के बसत होते, आणि त्यांची तीव्रता त्या दिवशीच्या त्या दिवशी कुणालाही संकेतस्थळावर पाहता येत होती.